पळासनेरपर्यंत अर्धं

शिरपूर आगार, सकाळची सव्वासहाची सेंधवा.
पाटीवरचा 'वा' कधीचा पुसला गेलाय,
तरी लोक बरोबर गाडीत चढतात.

बायकांना अर्धं तिकीट, ते आपल्या राज्यात.
पळासनेर सुटलं की सवलत सुटते.
मशीनला हे ठाऊक आहे,
मला मात्र रोज तोंडाने सांगावं लागतं:
मावशी, हद्दीपर्यंत अर्धं, घाटात पूर्ण.
आणि रोज कुणीतरी विचारतंच,
'का वं, घाटमा मी बाई ऱ्हात नही का?'

त्या दिवशी नंदकली रोकाया तिसऱ्या बाकावर.
मांडीवर पोतं, पोत्यात शिलाई मशीनचं मुंडकं.
स्टँड तिने करवंद नाक्यावर भंगारवाल्याला दिला,
मुंडकं दिलं नाही.
आठ वर्षं नवरा रात्री बाजारपेठेत शिट्टी फुंकत फिरला,
ही दिवसा फॉल-पिको.
तो पोरांना घेऊन पुढे गेला,
ही शेवटचे सहा ब्लाउज देऊन निघाली.

कुठे, विचारलं तर बोटांवर मोजायला लागली.
सेंधवा, इंदूर, लखनौ, बहराइच, रुपईडीहा,
तिथून पायी, पैसे उरले तर टांगा,
पलीकडे नेपालगंज,
मग सुर्खेतची बस, मग दैलेखची जीप,
मग दीड तासाची चढण, तिथे चाक नाही.
सगळीकडे सगळ्यात स्वस्त गाडी, झोप बसल्या बसल्या.
शिदोरीला बिबड्या आणि कळण्याच्या भाकरी,
शेजारणीने बांधून दिलेल्या.

मशीनला देश विचारता येत नाही.
त्यात 'महिला' आहे. मी तेच दाबलं.
पळासनेरपर्यंत तीही अर्धी,
घाटात आम्ही सगळ्याच पूर्ण.

पोत्याचं तिकीट मी फाडत नाही.
बिजासनीला निघालेल्या नारळाच्या गोणीचंही नाही.
पण तीच म्हणाली,
'मन्ही मशीननं बी तिकीट फाड ना, माय.
तठे विचारतस, कोनी शे, कथाईन लयनी.'
मशीन जुनी, तिच्याआधी दुसऱ्या कुणाची तरी होती,
पावती कुणाकडेच नव्हती.

मी पोतं उचलून बघितलं. वीस किलो म्हटलं.
रेमसिंग पावरा स्टेअरिंगवरून म्हणाला, अठरा.
तिने वीसच मागितले.

तेवढाच एक कागद. त्यावर शिरपूर आगार,
तारीख, वेळ, माझा बिल्ला नंबर,
सामान, किलो वीस.
हिचं असं त्यावर कुठेच लिहिलेलं नाही.
मी पेनाने लिहायला गेले,
गुळगुळीत कागदावर पेन उठेना.

सांगितलं, ही शाई उन्हात उडते, घामात उडते.
पोलक्यात ठेवू नको.
तिने विचार केला, पोत्याचं तोंड सोडलं,
बॉबिनचं झाकण सरकवलं,
घडी करून आत ठेवली. अंधारात.
मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं.

हाडाखेडचा नाका, ट्रकांची रांग, आमच्याकडे कुणी बघत नाही.
पळासनेरचा शेवटचा चहावाला.
त्याच्या पुढचा बोर्ड हिंदीत,
त्याच्या मागचं कापसाचं शेत तेच.

सेंधव्याला तिने पोतं डोक्यावर घेतलं,
इंदूरच्या गाडीमागे धावली. मागे बघितलं नाही,
डोक्यावर वीस किलो असताना बघता येत नाही.

एकोणीस वर्षं मी ही हद्द दिवसातून चारदा ओलांडते.
सेंधवा स्टँडच्या पुढे मला काही माहीत नाही.

परतीला, घाट उतरताना आठवलं:
झाकणाखाली तेल असतं.

त्याच रोलचं एक तिकीट काढलं, खिशातून पैसे भरले.
घरच्या मशीनला दोन थेंब तेल घातलं,
बॉबिनच्या झाकणाखाली ठेवलं.
रोज ड्यूटी सुटली की सरकवून बघते.

आज चौथा दिवस. ती रुपईडीह्याला असेल,
गाड्या वेळेवर मिळाल्या असतील तर.

'शिरपूर' पिवळं पडलंय.
तारीख जवळपास गेली.
किलोचा आकडा दिव्याखाली तिरपा धरला
तर अजून वाचता येतो.